ठिपकेबाईंची सही

ठिपकेबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं, आणि तिथेच राहिलं. संस्थेत त्यांना त्या नावाने कोणी हाक मारल्याचं कोणाला आठवत नाही. 'ठिपकेबाई' हे नाव कामावरून पडलेलं, आणि पहिल्या दिवशी थट्टेने पडलेलं ते नाव त्या पुढे हुद्द्यासारखं मिरवू लागल्या.

ती संस्था आतड्याच्या विषाणूंवर काम करायची. तान्ह्या मुलांना उलट्या-जुलाब लावून दोन-तीन दिवसांत त्यांचं चिपाड करून टाकणारे हे विषाणू. यांच्यावर नेमकं औषध नाही. पोटात पाणी-मीठ-साखर जात राहील असं बघायचं आणि रोग ओसरायची वाट पाहायची. असं औषध सापडावं म्हणून रसायनांच्या बारीक बारीक कुप्या संस्थेत येत. प्रत्येकीवर नाव नाही, नुसता नंबर. त्यांतली कोणती कुपी विषाणूला अडवते हे बघायचं, आणि ते शेवटी बघायचं ठिपकेबाईंनी.

तर बघायचं कसं? बाटल्यांमध्ये वाढवलेल्या जिवंत पेशी सहा वाट्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पसरायच्या. दुसऱ्या दिवशी वाटीच्या तळाशी त्यांची सलग चादर तयार होते. त्या चादरीवर विषाणू सोडायचा, वरून जेलीचा थर ओतायचा, म्हणजे विषाणू वाहून लांब जात नाही, जिथे बसला तिथेच शेजारच्या पेशी खात सुटतो. चार दिवस उबदार कपाटात ठेवून जेली काढायची आणि जांभळा रंग घालायचा. धडधाकट पेशी रंग धरतात. विषाणूने खाल्लेली जागा पांढरी राहते. जांभळ्या चादरीवर पांढरा गोल ठिपका. एक ठिपका म्हणजे एका विषाणूचा प्रताप. औषधाविना साठ ठिपके आले आणि औषध घातल्यावर सहा, तर औषधात काहीतरी दम आहे.

ऐकायला सोपं वाटतं. पण दोन ठिपके एकमेकांना चिकटले तर एक की दोन? हा ठिपका आहे की जेलीतला बुडबुडा फुटल्याची खूण? जेली काढताना पेशींची चादर तर ओरखडली नाही ना? बाई प्लेट खिडकीकडे धरायच्या, एक डोळा बारीक करायच्या आणि पेनने वाटीच्या तळामागून एकेक ठिपका टिपत आकडा सांगायच्या. तो आकडा कधी बदलावा लागला नाही.

एकदा संस्थेने ठिपके मोजायचं यंत्र आणलं. हार घालायचंच काय ते राहिलं होतं. यंत्राने पहिल्याच वाटीत एकाहत्तर मोजले, बाईंनी अठ्ठावन्न. सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंनी भिंगाखाली तेरा जागा एकेक करून दाखवल्या. नऊ बुडबुडे, तीन ओरखडे आणि एक कोणाच्या तरी बोटाचा ठसा. "याला डोळा आहे, नजर नाही," एवढंच त्या म्हणाल्या. यंत्रावर पुढे प्लास्टिकचं आवरण घातलं गेलं, ते कायमचंच.

त्या मुळात संस्थेत आल्या होत्या बाटल्या धुवायला. वय बावीस. बारावीत रसायनशास्त्राने दगा दिला होता. "ज्या विषयाने नापास केलं, त्याच्याच घरात तीस वर्षं राहून दाखवलं," हा त्यांचा आवडता विनोद. तळमजल्यावरच्या धुण्याच्या खोलीत सहा वर्षं काढल्यावर एके दिवशी वरच्या पेशींच्या खोलीत धुतलेल्या बाटल्या ठेवायला गेल्या, आणि उबदार कपाटाच्या काचेतून आत बघून सहज बोलून गेल्या, "आज या रुसल्यात." तिथले म्हातारे डॉक्टर खेकसले, "तुला काय कळतं?" पण तरी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बाटली लावली. पेशींमध्ये जंतू शिरायला नुकती कुठे सुरुवात झाली होती. डॉक्टरांना ते दुसऱ्या दिवशी कळलं असतं. पुढच्या आठवड्यापासून बाई वर. डॉक्टरांनी त्यांना सगळं शिकवलं. एकच नियम दिला: जो मोजेल त्याने पानावर सही करायची, आणि जे स्वतः पाहिलं नाही त्याखाली सही करायची नाही. म्हातारे डॉक्टर गेले, पण नियम संस्थेच्या कागदांवर राहिला. 'मोजणाऱ्याची सही' असा एक रकाना प्रत्येक पानाच्या तळाशी असे.

मग नवे साहेब आले. विभागप्रमुख. माणूस हुशार, बोलायला गोड, चालायला घाईचा. त्यांच्या हाताखाली एक तरुण संशोधक होती. तिच्या चेहऱ्यावर चेहऱ्यापेक्षा मोठा चष्मा, म्हणून बाई तिला चष्मेवाली म्हणायच्या. पोरगी कष्टाळू होती. चव्वेचाळीस संयुगं तिने एकामागून एक तपासली. त्यांतलं सतरा नंबरचं लागलं. साठाला तीन ठिपके! साहेबांनी त्या दिवशी सगळ्या मजल्याला चहा पाजला. चष्मेवाली तर बाईंच्या गळ्यातच पडली. तीनदा तपासलं, तीनदा तेच. बाईंनी तिन्ही पानांवर सही केली, कारण तिन्ही वेळा ठिपके खरोखरच तेवढेच होते.

त्या आठवड्यात बाईंची लेक घरी आली होती. ती मुलांच्या वॉर्डात परिचारिका. तिच्या पायांना दिवसभर उभं राहून गोळे आले होते, ते चोळत ती बोलत होती. "आज एक बाळ आलं, आई. तिसऱ्या दिवशी आणलं. डोळे खोल गेलेले, रडायलासुद्धा पाणी नाही." मग तिने सहज विचारलं, "तुमचं ते सतरा नंबर कधी द्यायचं असतं?"

"कधी म्हणजे?"

"म्हणजे बाळ आलं, की लगेच दिलं तर चालतं?"

बाई 'हो' म्हणायला गेल्या, आणि अडखळल्या. कारण सतरा नंबर आणि विषाणू हे आधी एका नळीत एकत्र घालून तासभर ठेवायचे, आणि मग ते मिश्रण पेशींवर ओतायचं, अशी साहेबांची पद्धत होती. नळीत औषध घट्ट असे. पेशींवर जाईपर्यंत ते दहापट पातळ होई, कारण तेवढं घट्ट औषध पेशींना झेपतच नव्हतं. पण बाळाच्या पोटात विषाणू तीन दिवस आधीच बसलेला. तो काही नळीत येऊन औषधाची वाट बघत नाही.

"बघून सांगते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच त्या संस्थेत हजर झाल्या. पेशींच्या उरलेल्या प्लेटी होत्याच, शुक्रवारी त्या टाकूनच द्यायच्या होत्या. बाईंनी उलटं केलं. आधी पेशींवर विषाणू सोडला, तासाने वरचा द्रव धुऊन काढला, आणि मग सतरा नंबर घातलं, पेशींना झेपेल तेवढ्याच प्रमाणात. एका प्लेटीत दोन तासांनी, एकीत चार, एकीत सहा. प्रत्येक नोंद वहीत, वेळेसकट. चोरून काही नाही.

चार दिवसांनी जांभळा रंग घातला. औषधाविना साठ. दोन तासांनी औषध घातलेल्या वाटीत अठ्ठावन्न. चार तासांनी एकसष्ट. सहा तासांनी साठ.

बाईंनी पुन्हा मोजले. मग पुन्हा सगळा प्रयोग लावला. तेच. सतरा नंबर पेशीत शिरलेल्या विषाणूच्या केसालाही धक्का लावत नव्हतं.

चष्मेवालीला त्यांनी वही दाखवली. पोरीचा चेहरा उतरला. "साहेबांना सांगू या," ती म्हणाली, पण तिचा आवाज म्हणत होता, नको सांगू या.

साहेबांनी वही पाहिली, मिटली आणि बाईंच्या बाजूला सरकवली. "बाई, हे आपल्या आराखड्यात नाही."

"नाहीच आहे. म्हणून तर केलं."

"प्राथमिक टप्प्यात हे विचारायचं नसतं. अहवाल तयार आहे. शेवटच्या तक्त्यावर तुमची सही तेवढी राहिलीय."

बाईंनी अहवाल हातात घेतला. इंग्रजी त्यांना जेमतेम वाचता यायचं, पण गरजेपुरतं पुरेसं यायचं. शेवटच्या पानावर लिहिलं होतं की लागण झालेल्या पेशींवर या संयुगाने उपचार होतो, आणि मुलांच्या जुलाबावर ते आश्वासक औषध आहे.

"साहेब, हे कोणी पाहिलं?"

"काय?"

"लागण झालेल्या पेशी बऱ्या झालेल्या. मी तर पाहिल्या नाहीत. मोजणारी मी. मग कोणी पाहिल्या?"

"ते निष्कर्षाचं वाक्य आहे, बाई. ते आमचं काम. तुम्ही आकड्यांवर सही करा."

"आकड्यांवर केलीय, तीनदा केलीय. पण या पानावर आकडे आणि हे वाक्य एकाच सहीच्या वर आहेत. माझे तीन ठिपके घ्यायचे, अठ्ठावन्न-एकसष्ट-साठ टाकून द्यायचे, आणि खाली माझी सही? नाही जमायचं."

साहेब हसले. तो गोड माणसाचा शेवटचा गोडवा होता. "औषध उशिरा दिलं तर थोडं कमी लागू पडणारच. त्यात नवल काय?"

"औषध नेहमी वरातीमागून घोडंच असतं, साहेब. आजारी पडल्याशिवाय कोण दवाखान्यात येतं? घोडं मागून येईना का, पण धावलं तरी पाहिजे. हे तर उभंच राहत नाही."

चष्मेवाली खाली मान घालून उभी होती. एक शब्द बोलली नाही. बाईंना ते लागलं, पण त्या तिला काही म्हणाल्या नाहीत.

सोमवारी आदेश निघाला. 'कामाच्या सोयीसाठी' ठिपकेबाईंची नेमणूक तळमजल्यावर, धुण्याच्या खोलीत. तीस वर्षांनी पुन्हा त्याच नळाखाली. बाईंनी आदेश वाचला, त्याची घडी घातली, पांढरा कोट उतरवला आणि रबरी एप्रन चढवला. जिन्यात भेटणारे लोक नजर चुकवायला लागले, तेव्हा त्या मुद्दाम थांबून एकेकाला विचारायच्या, "काय, बरं आहे ना?" लाजायचं काम माझं नाही, असा त्यांचा हिशोब.

घरी नवऱ्याला सांगितलं. त्याचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान होतं. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं, एवढं. त्याने हातातला स्क्रू आधी नीट डबीत ठेवला.

"अगं, माझ्याकडे दहा काटे येतात ना, त्यांतले सहा बिघडलेले नसतात. बिघडवलेले असतात."

"मग तुम्ही काय करता?"

"सरळ करून देतो. मालक चिडतो. दुसरीकडे जातो." त्याने चष्मा पुसला. "जाऊ दे की. तू काय, धुणं विसरलीस थोडीच!"

"माझ्यासाठी नाही हो वाईट वाटत. ते वाक्य तसंच जाणार, त्याचं वाटतं. उद्या ते वाचून कोणीतरी म्हणेल, चला, औषध सापडलं, आता दुसरं कशाला शोधायचं?"

"मग जाऊ देऊ नकोस," तो म्हणाला, इतक्या सहज की जणू दाराला कडी घाल म्हणावं.

धुण्याच्या खोलीत वरच्या मजल्यांवरच्या वापरलेल्या प्लेटी येत. आधी त्या ब्लीच घातलेल्या पाण्याच्या बादलीत बुडवायच्या, म्हणजे उरलासुरला विषाणू मरतो, मग बाकीची विल्हेवाट. तिसऱ्या दिवशी बाई प्लेटी बुडवत होत्या. हात कोपरापर्यंत हातमोज्यात, नाकात ब्लीचचा उग्र वास. आणि हातातली प्लेट तशीच धरून त्या उभ्या राहिल्या. इथे तरी दुसरं काय होतंय? विषाणू भांड्यात, ब्लीच भांड्यात, दोघांना एकत्र ठेवायचं, विषाणू खलास. साहेबांच्या नळीत हेच तर होत होतं!

त्या एकट्याच मोठ्याने हसल्या. मग हातमोजे काढून, कपाटाला टेकून, त्यांनी संचालकांना पत्र लिहिलं. एकच पान, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या अक्षरात. अहवाल पाठवण्याआधी प्रयोग पुन्हा व्हावा, नळ्यांवर गुप्त खुणा असाव्यात, म्हणजे कोणत्या नळीत काय आहे हे मोजणाऱ्याला कळणार नाही. मोजणारे तीन असावेत. प्रयोग दोन्ही पद्धतींनी व्हावा, विषाणू आधी नळीत मिसळून आणि विषाणू आधी पेशींत शिरू देऊन. आणि माझ्याकडची एक नळी त्यांत घ्यावी. सोबत त्यांनी आपल्या वहीतल्या पानांच्या प्रती जोडल्या.

दोन आठवडे काही उत्तर नाही. बाई रोज सकाळी संचालकांच्या दाराशी जायच्या, तिथल्या लिपिकाला विचारायच्या, "पत्र पोचलं का?" आणि परत खाली. बाराव्या दिवशी लिपिक वैतागला. "बाई, किती वेळा विचाराल?"

"उत्तर येईपर्यंत."

योग असा, की त्याच महिन्यात बाहेरच्या तीन परीक्षकांची समिती संस्थेचं काम तपासायला येणार होती. पत्र दडपलं आणि बाई त्यांच्यासमोर उभी राहिली, तर शोभा होईल, असा विचार संचालकांनी केला असावा. साहेबांना तर खात्रीच होती. "होऊन जाऊ दे एकदा," ते म्हणाले. "सतरा नंबर कितीही वेळा लावा."

समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ परीक्षक एक बारीक चणीच्या, पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. नळ्यांवर खुणा त्यांनी स्वतः घातल्या, यादी आपल्या पर्समध्ये ठेवली. ठिपकेबाईंनी आपली नळी त्यांच्या हातात दिली आणि कानात दोन शब्द सांगितले. परीक्षक बाईंच्या भुवया वर गेल्या, पण त्यांनी त्या नळीवरही खूण घातली.

पेशी चष्मेवालीने लावल्या. ती सारखी साहेबांकडे बघत होती. बाई शेजारी उभ्या राहून हळूच म्हणाल्या, "श्वास घे. पेशींना तुझ्या साहेबांची भीती नाही, तू कशाला घाबरतेस?"

चार दिवसांनी खोली भरली. जांभळ्या प्लेटी रांगेने मांडलेल्या. मोजणारे तीन: ठिपकेबाई, चष्मेवाली आणि समितीतले एक परीक्षक. तिघांनी वेगवेगळं मोजलं, वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं. बाईंनी एप्रन काढला नव्हता. तसाच ओला एप्रन घालून त्या खिडकीशी प्लेट धरून उभ्या होत्या.

तिन्ही कागद जुळले, फार तर एक-दोनचा फरक. आधी नळीत मिसळलेल्या पद्धतीत नुसत्या विषाणूचे बासष्ट ठिपके, तुलनेसाठी घेतलेल्या इतर संयुगांच्या नळ्यांचे पन्नासच्या पुढे, एका नळीचे तीन, आणि पाच नंबरच्या नळीचा एक. अवघा एक!

साहेब पुढे झुकले. तीन ठिपक्यांची नळी म्हणजे आपलं सतरा, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्येष्ठ परीक्षक शांतपणे म्हणाल्या, "या पाच नंबरच्या नळीचा निकाल सगळ्यांत सरस दिसतो. हिच्याबद्दल काय सांगाल?"

साहेबांना वाटलं, आपल्याच यादीतलं एखादं राहून गेलेलं संयुग असणार. संधी चालून आली की ती न सोडणारा माणूस. "हो, हो. त्या मालिकेवरही आमचं काम चालू आहे. परिणाम फारच आश्वासक आहेत."

मग परीक्षक बाईंनी ठिपकेबाईंकडे मान वळवली. "सांगा."

"फरशी पुसायचं ब्लीच आहे, साहेब," ठिपकेबाई म्हणाल्या. "पाण्यात घालून पातळ केलेलं. खाली बादलीत आहे अजून, हवं तर. नळीत विषाणूला मारतं, पुढे पेशींच्या द्रवात गेलं की त्याचा जोर सरतो, म्हणून पेशी वाचतात. तुमच्या सतरापेक्षा दोन ठिपक्यांनी चांगलं आहे. आता सांगा, बाळाला पाजायचं का?"

कोणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि खोकल्यात लपवलं. साहेबांचा चेहरा प्लेटीतल्या रंगासारखा झाला.

दुसऱ्या पद्धतीच्या प्लेटी मग सगळ्यांनी पाहिल्या. विषाणू पेशींत शिरल्यावर औषध. नुसता विषाणू बासष्ट. सतरा नंबर एकोणसाठ. ब्लीच साठ. परीक्षक बाईंनी यादी पर्समधून काढून टेबलावर ठेवली.

आणि तेव्हा चष्मेवाली बोलली. कोणी विचारलं नव्हतं. "हे बाईंनी महिन्यापूर्वीच दाखवलं होतं. वहीत आहे. मी तिथेच होते आणि गप्प राहिले." एवढं बोलून ती रडायला लागली, पण रडतच वही उघडून तिने ते पान समितीपुढे ठेवलं.

अहवालातलं ते वाक्य गेलं. सतरा नंबरबद्दल एवढंच राहिलं की ते नळीत विषाणूला निकामी करतं. साहेबांचं फारसं काही बिघडलं नाही. आठ महिन्यांनी ते दुसऱ्या संस्थेत, याहून मोठ्या खुर्चीवर गेले. जगात असंच चालतं, आणि बाईंनी त्याबद्दल एक दिवसही चुटपुट लावून घेतली नाही.

पण त्यांची स्वतःची गोष्ट एवढ्यावर मिटली नव्हती. संचालकांनी बोलावलं, खुर्ची दिली, पाणी मागवलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. 'सदर प्रकार परस्परांच्या गैरसमजातून घडला असून माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही.' खाली बाईंच्या नावाची जागा.

"एवढ्यावर सही करा, की उद्यापासून पुन्हा वर," संचालक म्हणाले. "शिवाय एक प्रशस्तिपत्रही देऊ."

बाईंनी कागद वाचला. "गैरसमज कोणाचा?"

"अहो, कोणाचा असं नाही..."

"माझा नव्हता. त्यांचाही नव्हता, त्यांना सगळं नीट समजलं होतं. मग उरलं कोण?"

"बाई, ही नुसती औपचारिकता आहे. किती ताणाल?"

"ताणलं मी नाही. मला वरून खाली पाठवलं ते एका ओळीत पाठवलं, माझी सही न घेता. वर बोलवायचं तर तसंच एका ओळीत बोलवा." त्या उठल्या. "आणि प्रशस्तिपत्र राहू द्या. आमच्या घरी भिंतीवर जागा नाही, सगळीकडे काटे टांगलेत."

मग सात आठवडे आदेश निघालाच नाही. बाई खाली, नळाखाली. पण चष्मेवालीने आता निराळंच सुरू केलं. रंग घातलेल्या प्लेटी ट्रेमध्ये रचून ती जिना उतरून खाली यायची. धुण्याच्या खोलीत, बादल्यांच्या मधोमध, उलट्या ठेवलेल्या पेटीवर बसून बाई ठिपके मोजायच्या आणि पानावर सही करायच्या. पहिल्यांदा चष्मेवाली एकटी आली. मग शेजारच्या विभागातले दोघं आपल्या प्लेटी घेऊन आले. मग आणखी एक. शेवटी मोजायच्या कामासाठी सगळी संस्थाच जिना उतरायला लागली, तेव्हा कोणाला तरी वाटलं, हे बरं दिसत नाही. एक ओळीचा आदेश निघाला. गैरसमजाचा शब्द त्यात नव्हता. बाईंनी एप्रन खुंटीला लावला आणि जिना चढून गेल्या.

आता त्या दोघी उरलेली त्रेचाळीस संयुगं पुन्हा तपासताहेत, या वेळी विषाणू आधी आणि औषध नंतर. एके काळी टाकून दिलेली, नळीत काहीही न करणारी ही संयुगं. अठ्ठावीस झाली. सत्तावीस कुचकामी निघाली. एकाने मात्र साठाचे एकतीस केले, विषाणू पेशीत शिरून चार तास झाल्यावर. चष्मेवालीने उडी मारली, तेव्हा बाई म्हणाल्या, "उड्या नंतर. आधी अजून तीनदा लाव." तीनदा लावलं. एकतीस, चौतीस, तीस. मग पेशींना ते सोसतं का, हे वेगळं पाहिलं. पेशी मजेत होत्या. ते संयुग आता उंदरांपर्यंत गेलं आहे. पुढे जाईल की तिथेच अडेल हे कोणालाच माहीत नाही, आणि बाई कोणाला तसं सांगूही देत नाहीत.

त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने आहेत. कार्यालयातून त्याची आठवण करून देणारं पत्र आलं, सोबत कागदपत्रं भरायची यादी. बाईंनी ती लिपिकाला परत नेऊन दिली. "इतक्यात नाही. माझ्याकडे अजून पंधरा कुप्या उरल्यात."

"पण बाई, तारीख तर ठरलेली असते."

"मग तारखेला सांगा, रांगेत उभी राहा म्हणावं," त्या म्हणाल्या, आणि एकोणतिसाव्या कुपीची प्लेट काढायला वर गेल्या.